मुतखड्यावरचे नवसागरयुक्त खनिज मिश्रण : वापरानंतरचे परीक्षण

मार्गशीर्षात भरणाऱ्या माळेगावच्या यात्रेतील पशुप्रदर्शनाची तयारी दिवाळीपासूनच सुरू होते आणि देवणी व लाल कंधारी खोंडांच्या गव्हाणीत गव्हाचा कोंडा, मक्याचा भरडा आणि सरकी पेंड यांचे प्रमाण वाढत जाते. थंडीमुळे जनावर पाणी कमी पिते, लघवी दाट होते आणि मुतखड्याच्या तक्रारी नेमक्या याच दिवसांत वाढतात. यंदा लातूरच्या पशुखाद्य दुकानांत ‘मुतखडा विरघळवणारे’ असे पिशवीवर छापलेले नवसागरयुक्त खनिज मिश्रण पाहण्यात आले, म्हणून आमच्या गोठ्यातील प्रदर्शनाच्या खोंडांना ते हंगामभर देऊन पाहिले. आक्षेप अशा मिश्रणांच्या रचनेविषयी असल्यामुळे कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

यामागचा विचार चुकीचा नाही. दाण्याच्या खुराकावर पोसलेल्या जनावरांत होणारे खडे बहुधा फॉस्फेटचे असतात, ते अल्कधर्मी लघवीत तयार होतात, आणि नवसागर म्हणजेच अमोनियम क्लोराइड लघवीला आम्लधर्मी करते. लघवीचा सामू (आम्ल-अल्क प्रमाण दाखवणारा pH आकडा) ६.५ च्या खाली राहिला, तर हे खडे सहसा धरत नाहीत. सिलिकाच्या किंवा कॅल्शियम कार्बोनेटच्या खड्यांवर मात्र या उपायाचा भरवसा धरता येत नाही. पिशवीवर याचा उल्लेख नाही.

चव ही पहिली अडचण. कोरड्या भरड्यावर भुरभुरल्यास खोंड एकदा हुंगतो, वरचा ओठ वळवतो आणि घमेल्यापासून तोंड फिरवतो. पांढरे कण शेवटी तळाशी तसेच उरतात. भिजवलेल्या सरकी पेंडीत गुळाच्या पाण्याबरोबर कालवल्यावर मात्र सर्व खोंडांनी ते विनातक्रार खाल्ले.

खरा प्रश्न मात्रेचा आहे. पिशवीवर रोज १०० ग्रॅम देण्याची शिफारस असून त्यात नवसागर २५ टक्के आहे, म्हणजे जनावराच्या पोटात प्रत्यक्ष २५ ग्रॅमच जातो. पशुवैद्यकात वाढीच्या गोऱ्ह्यांसाठी सांगितली जाणारी मात्रा दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम आहे. सकाळी लांब दांड्याच्या डावात लघवी धरून सामू दाखवणारी कागदी पट्टी बुडवली असता शिफारशीच्या मात्रेवर ती हिरवट-निळीच, म्हणजे अल्कधर्मीच, राहिली आणि पशुवैद्यकांच्या सल्ल्याने मात्रा वाढवल्यानंतरच पिवळसर झाली. मात्रा वाढवली की मिश्रणातील डायकॅल्शियम फॉस्फेटही (कॅल्शियम आणि फॉस्फरस देणारे खनिज) वाढते, हा यातला विरोधाभास आहे. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस सुमारे १ टक्का आणि कॅल्शियम त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके असते. एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावे, अशी शिफारस आहे. कोंड्यावर पोसलेल्या खोंडाला आणखी फॉस्फरस देणारे मिश्रण मुतखड्यावरचे म्हणून विकणे मला पटत नाही. त्यापेक्षा कोंडा कमी करावा, खुराकात चुनखडीची पूड आणि ३ ते ४ टक्के मीठ घालावे, टाकीत ताजे आणि हिवाळ्यात कोमट पाणी सतत ठेवावे आणि पशुखाद्याच्या दर्जाचा नवसागर वेगळा विकत घ्यावा. हे स्वस्तही पडते. (कल्हईसाठी मिळणारा नवसागर जनावराला चुकूनही घालू नये.) बोअरच्या जड पाण्याला सगळेच दोष देतात, पण या प्रकारच्या खड्यांत पाण्यापेक्षा खुराकाचाच वाटा मोठा असतो.

‘विरघळवणारे’ हा शब्द तर धोकादायक आहे. शेपटी उचलून कुंथणारा, पोटावर लाथा मारणारा, थेंबथेंब लघवी करणारा किंवा ज्याच्या मुतण्याच्या जागेवरील केसांना वाळूसारखे कण चिकटलेले आहेत असा बैल दिसला, तर पूड चारत बसण्यात वेळ घालवू नये. लघवी वाढवणारे औषध आपल्या मनाने देऊ नये, कारण वाट बंद असताना त्याने मूत्राशय फुटण्याचा धोका वाढतो. फुटल्यानंतर जनावर थोडा वेळ शांत दिसते आणि मालकाला बरे वाटल्याचा भास होतो. पुढे पोट दोन्ही बाजूंनी फुगू लागते. फार लहान वयात खच्चीकरण केलेल्या बैलांची मूत्रनलिका अरुंद राहते, त्यामुळे त्यांच्याकडे अधिक लक्ष हवे.

अडलेल्या जनावराच्या मूत्राशयात शस्त्रक्रियेने नळी बसवून लघवीला दुसरी वाट दिल्यावर पशुवैद्यक तोंडावाटे नवसागर देतात आणि फॉस्फेटचा खडा त्यानंतरच्या दिवसांत विरघळू शकतो. विरघळण्याच्या दाव्याला आधार आहे तो या ठिकाणी, नळी बसवल्यानंतर. पिशवीवर डॉक्टरांकडे केव्हा न्यावे याची एक ओळही नाही, वापर किती आठवडे करावा हेही नाही, वास्तविक महिनोन्‌महिने सलग दिल्यास परिणाम ओसरू लागतो. पाच पैकी दोन गुण. पुढच्या हंगामात हे मिश्रण घेणार नाही, सामूच्या पट्ट्या मात्र घेणार आहे.