पुंगळी डायमध्ये अडकू नये म्हणून: मेण, लॅनोलिन की फवारा?

अमेरिकेत राहून .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळ्या (झाडून रिकामी झालेली पितळी नळकांडी) घरी पुन्हा भरायला सुरुवात करणार असाल, तर वंगण आधी ठरवा. (भारतात काडतुसं बनवायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.) गोळी झाडली की पितळ चेंबरच्या, म्हणजे बंदुकीतल्या काडतूस बसण्याच्या कप्प्याच्या, मापाने फुगतं. पोलादी डायमध्ये (साच्यात) दाबून ते पूर्ववत करताना वंगण कमी पडलं, तर पुंगळी आतच राहते आणि तिला तळाशी धरणारा शेल होल्डर तिची कड उपटून रिकामा खाली येतो. माझी पहिली अशीच अडकली: डाय नवी, न पुसलेली, आणि हाताला जड लागत असूनही मी प्रेसचा दांडा रेटला.

इम्पीरियल सायझिंग वॅक्स बोटांनी लावायचं. पुंगळीच्या अंगावर, विशेषतः तळाजवळ, पातळ थर पुरतो. वाळायची वाट पाहावी लागत नाही, आणि प्रत्येक पुंगळी हातातून जात असल्याने एखादी कोरडी राहत नाही. दोनशेच्या पुढे मात्र बोटं कंटाळतात.

तिथे लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) सरस. एक भाग द्रव लॅनोलिन, दहा-बारा भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. पिशवीत पुंगळ्या घेऊन फवारायचं, घोळवायचं आणि अल्कोहोल पूर्ण उडू द्यायचं. थोडं मानेच्या आत जातं, त्यामुळे मान आतून रुंदावणारा एक्स्पांडर बॉलही सहज सरकतो. खिडकी उघडी ठेवा, वाफ पेट घेते.

हॉर्नडी वन शॉटसारखा तयार फवारा सगळ्यांत झटपट, पण तो नीट वाळला नाही किंवा डाय मळकी असली की चूक पोटात घालत नाही. नवशिक्याला मी तो देणार नाही. वंगणाची गादी (जिच्यावर पुंगळ्या लोळवतात) वापरलीत तर पुंगळीच्या खांद्यावर जास्त साचून खळगे पडतात. नऊ मिलिमीटरसारख्या पिस्तुलाच्या पुंगळ्यांना कार्बाइड (अतिशय कठीण पदार्थाच्या) डायमध्ये वंगण लागत नाही. रायफलच्या कार्बाइड डायला मात्र लागतं.

माझं मत: पहिल्या काही शेकड्यांसाठी मेणच घ्या. जोर वाढतोय असं हाताला कळलं की तिथेच थांबून पुंगळी मागे घ्या, पुन्हा वंगण लावा. ही जाण मेणावर लवकर येते.

तरीही अडकली, तर डाय कंपनीकडे पाठवा किंवा काढायचा संच वापरा. पाठवण्यात डाय सुखरूप राहते, पण काम खोळंबतं. मी संच आधीच आणून ठेवतो. एक्स्पांडरची काडी शक्य तितकी वर घ्या, प्रायमरच्या (तळातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) खळग्यातून सात नंबरचं ड्रिल मारा, पाव इंची, वीस आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. मग संचाची वाटी तळावर बसवून स्क्रू ॲलन कीने आवळत गेलं की पुंगळी हळूहळू बाहेर येते. प्रायमर न फुटलेला असेल तर ड्रिल अजिबात लावू नका. डाय फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय मी दोनदा केला, पुंगळी हलली नाही.

डाय पुसून आतले ओरखडे पाहा. पुढच्या पहिल्या पुंगळीला वंगण थोडं सढळ लावा, आणि भरण्याआधी सगळ्या पुंगळ्या पुसून घ्या: वंगण राहिलं तर पुंगळी चेंबरला धरत नाही आणि बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर) जादा दाब येतो.