आप्पांच्या आतड्याच्या कॅन्सरसाठी जळगावची ओपीडी, आमचा अनुभव

आप्पांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, गाठ उजव्या बाजूला होती, स्टेज २, आणि रिपोर्टात आलं "एमएलएच१ लॉस", म्हणजे एमएलएच१ नावाचं प्रथिन गाठीत दिसत नाही. भावकीत कोणीतरी सांगितलं हे खानदानी असतं, मग झालं, घरात पोराबाळांचंच टेन्शन सुरू. चोपड्याहून फाईल घेऊन जळगावच्या या कॅन्सर ओपीडीत गेलो.

डॉक्टरसाहेबांनी फाईल पहिल्या पानापासून वाचली आणि गाठीच्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर, मिथायलेशनची टेस्ट सांगितली, जीनवर मिथाइल नावाचं रसायन चिकटलंय का ते बघायची. आधीच्या दवाखान्यातून तो मेणाचा ब्लॉक मिळवायलाच खूप फिरवलं आम्हाला. रिपोर्ट आला मिथायलेशन पॉझिटिव्ह. साहेबांनी आप्पांनाच विचारलं, "मोटर चांगली आहे पण स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावलं तर पाणी येईल का?" आप्पा म्हणे, "कसं येईन साहेब!" तर एमएलएच१ जीन हा पेशी वाढताना डीएनएत होणाऱ्या चुका दुरुस्त करतो, तो आप्पांचा मोडलेला नाही, डीएनएमटी नावाच्या एन्झाइमांनी त्याच्यावर मिथाइलचं कुलूप लावलंय, उतारवयात असं होतं आणि बहुतेक वेळा ते पोरांकडे जात नाही. माय तिथंच रडली, इतकं हलकं वाटलं तिला.

किमोचंही सरळ सांगितलं, दुरुस्ती बंद पडलेल्या अशा गाठीत स्टेज २ ला नुसत्या फाइव्ह-एफयू या किमोच्या औषधाचा फायदा दिसत नाही, म्हणून किमो नाही, फक्त फॉलोअप. पुढे कधी पसरलाच तर अशा गाठींना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध, चांगली लागू पडते, त्यातल्या पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत २०२० मध्ये अशा पसरलेल्या कॅन्सरला सुरुवातीलाच द्यायचं औषध म्हणून मान्यता मिळालीय, पण महाग आहे हेही बोलले.

मी विचारलं, मग कुलूप उघडायचं औषध द्या ना. तर म्हणे अ‍ॅझासायटिडीन आहे, ते एन्झाइम अडवतं, पण वापरतात रक्ताच्या आजारात, आतड्याच्या कॅन्सरमध्ये ट्रायलमध्ये अजून तसा गुण आलेला नाही, दुसऱ्या औषधांसोबत देऊन बघताहेत. चुलतभावाने जीन सुधारणाऱ्या पावडरचा व्हिडिओ दाखवला, साहेबांनी स्पष्ट नाही सांगितलं. अशा ठिकाणी खोटी आशा विकणारे खूप भेटतात म्हणून हे मला फार मोठं वाटलं.

गर्दी भयंकर असते, बसायला जागा कमी, म्हाताऱ्या माणसाला ताटकळावं लागतं. तुम्ही जाल तर ब्लॉक आणि स्लाइड (गाठ तपासायच्या काचपट्ट्या) आधीच मागून ठेवा, नाहीतर पुन्हा चक्कर पडते. आणि साहेब, रिपोर्टाचा अर्थ असाच मराठीत कागदावर लिहून देत जा, घरी गेल्यावर नातेवाईक विचारतात तेव्हा आम्हाला नीट सांगता येत नाही.