डबल्ड डाय की मशीन डबलिंग: लिंकन सेंट घेण्यापूर्वी

अमेरिकी सेंटवरची अक्षरं जराशी दुहेरी दिसली की ऑनलाइन विक्रेते सर्रास ‘डबल्ड डाय’ लिहून किंमत चढवतात. प्रत्यक्षात अशी बहुतेक नाणी मशीन डबलिंगची निघतात आणि संग्राहकांच्या लेखी त्यांना वेगळा भाव नसतो. त्यामुळे हा फरक नजरेत बसल्याशिवाय पैसे मोजू नका.

चूक कधी झाली, यावर सगळं ठरतं. नाण्यावर चित्र उमटवणारा उलटा ठसा म्हणजे डाय. तो तयार होतो हब नावाचा सुलट ठसा पोलादावर दाबून. पूर्वी एका दाबात चित्र पूर्ण उतरत नसे. दाबामुळे पोलाद कडक व्हायचं, मग ते तापवून मऊ करायचं आणि पुन्हा दाबायचं. दुसऱ्या खेपेला हब किंचित फिरला किंवा सरकला, की डायवरच दोन प्रतिमा उमटत. त्या डायखालून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर मग तीच दुहेरी प्रतिमा येते. मशीन डबलिंगमध्ये डायवर प्रतिमा एकच असते. ठोका बसल्यावर सैल डाय जरासा हलतो आणि नुकतीच उठलेली अक्षरं घासतो. पुढच्या नाण्यावर हे कमीजास्त दिसेल किंवा दिसणारही नाही.

दहापट भिंगाखाली एकच अक्षर धरा आणि त्याची जाडी बघा. डबल्ड डायमध्ये दोन्ही प्रतिमांना उठाव असतो, अक्षर नेहमीपेक्षा रुंद होतं आणि त्याच्या टोकाला बऱ्याचदा स्पष्ट खाच दिसते. मशीन डबलिंगमध्ये अक्षराच्याच अंगातला धातू दबून बाजूला चपटी, चकचकीत पायरी पडते, त्यामुळे मूळ अक्षर उलट बारीक होतं. माझ्या मते एवढी एक खूण पक्की झाली तरी निम्म्याहून अधिक जाहिराती बाजूला टाकता येतात.

१९६९-एस, म्हणजे १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत पाडलेला सेंट, या फरकाचा उत्तम नमुना आहे. त्याच्या खऱ्या डबल्ड डाय नाण्यावर साल, ‘लिबर्टी’ आणि वरचं बोधवाक्य ठळक दुहेरी असतं, पण टांकसाळीची खूण असलेलं ‘एस’ एकेरीच असतं. त्या काळी ही खूण हबवर नसे. तयार डायवर ती नंतर हाताने ठोकत. म्हणून सालाबरोबर ‘एस’लाही त्याच दिशेची चपटी पायरी दिसत असेल, तर ती मशीन डबलिंग समजा. १९६९-एसच्या नावाने विकायला येणारी अशी नाणी पुष्कळ असतात.

१९५५चा फिलाडेल्फिया टांकसाळीचा डबल्ड डाय सेंट तर भिंगाशिवायही ओळखू येतो. अशी साधारण २० ते २४ हजार नाणी चलनात गेल्याचा अंदाज आहे. त्याच्या नकलाही झाल्या आहेत, म्हणून मागची बाजू तपासा: खऱ्या नाण्यावर ‘सेंट’ शब्दातल्या ‘टी’च्या डाव्या आडव्या दांडीखाली बारीक उभे ओरखडे असतात. याच सालचा ‘पुअर मॅन्स डबल्ड डाय’ नावाने विकला जाणारा सेंट मात्र डबल्ड डाय नाहीच. झिजलेल्या डायमुळे सालातला शेवटचा ५ त्यावर पसरट, दुहेरी भासतो. हौस म्हणून स्वस्तात मिळाला तर घ्या, त्या नावापायी जास्त देऊ नका.

विक्रेत्याच्या वर्णनातलं ‘डीडीओ’ म्हणजे मुखड्याकडची बाजू दुहेरी, ‘डीडीआर’ म्हणजे मागची. शिवाय हब कसा चुकला त्यावरून आठ वर्ग पाडलेले आहेत. खरेदी ठरवताना त्यांची फारशी गरज पडत नाही.

नव्या नाण्यांना वेगळा निकष लावावा लागतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात डाय एकाच दाबात बनू लागले, त्यामुळे आताचं दुहेरीपण बहुधा नाण्याच्या मध्याजवळ आणि छोटंसं असतं. २००९च्या एका सेंटवर ओंडक्यावर बसून वाचणारा तरुण लिंकन आहे. त्याच्या पुस्तक धरलेल्या हाताला काही नाण्यांवर जादा बोट दिसतं. अलीकडच्या नाण्यावर कडेची सगळी अक्षरं एकाच बाजूला सरकलेली दिसली, तर आधी मशीन डबलिंगचाच संशय घ्या.

स्वस्त नाणं असेल तर साल आणि टांकसाळीची खूण यांचा जवळून काढलेला फोटो मागवून स्वतः ठरवा. १९५५ किंवा १९६९-एस घ्यायचा असेल, तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांनी तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलंच नाणं घ्या आणि त्याच्या लेबलवर ‘डबल्ड डाय’ असा उल्लेख आहे ना, तेही वाचा.