एलसी की ईसीजीसी?

सोलापूरचा टॉवेल परदेशी निघाला की माल कसा पोचेल यापेक्षा पैसे कधी येतील याचीच धाकधूक जास्त.

एलसीत, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, खरेदीदाराची बँक पैशांची हमी घेते. पण कागद तंतोतंत जुळायला हवेत. बिलात नावाचं एक अक्षर चुकलं तरी बँक हरकत काढू शकते. शिवाय एलसी उघडताना खरेदीदाराची बँकेतली कर्जमर्यादा अडकते. मग तो कुरकुरतो आणि ९० दिवस उधार देणाऱ्या दुसऱ्याकडे वळतो.

तीच उधारी ईसीजीसीचा विमा काढून आपणही देऊ शकतो. १९५७ साली सुरू झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली ही सरकारी कंपनी खरेदीदाराची पत तपासून विम्याची मर्यादा ठरवते. तो बुडाला, किंवा त्याच्या देशाने पैसे बाहेर जाणं रोखलं, तर पॉलिसीत ठरलेला हिस्सा भरून देते. उरलेला तोटा आपला. विमा पाहून बँकही कर्ज देताना हात फारसा आखडत नाही. मोठी ऑर्डर घ्यायची हिंमत येते ती इथून. मात्र "रंग गेला" म्हणत गिऱ्हाइकाने पैसे अडवले, तर वाद मिटेपर्यंत दावा सहसा लटकतो. थकबाकी वेळेत कळवली नाही तरी तेच.

अगदी अनोळखी गिऱ्हाइकाकडे पहिल्या ऑर्डरला मी अजूनही एलसीच मागेन.