शैक्षणिक सवलतीची फायबर जोडणी : सेवा चोख, पात्रतेचा निकष तोकडा

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत एका खासगी कंपनीची शैक्षणिक सवलतीतील फायबर जोडणी गेल्या जूनपासून सुरू आहे आणि सेवेबद्दल माझी तक्रार नाही. भर पावसात झाड कोसळून केबल तुटली, तेव्हा कंपनीचा माणूस दुसऱ्याच दिवशी शिडी घेऊन हजर झाला. दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरील व्हिडिओ पाचवीच्या वर्गात न अडखळता चालतात.

तक्रार आहे ती सवलत कोणाला द्यायची हे ठरविण्याच्या पद्धतीबद्दल. अर्जात यू-डायस या शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाचे ११ चौकोन आहेत आणि ते भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. हा क्रमांक प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला असतो, त्यामुळे भरमसाट शुल्क आकारणाऱ्या शहरी शाळेलाही आमच्याइतकीच सवलत मिळते. गावातील सार्वजनिक वाचनालयाला मात्र, नोंदणी प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षण अहवाल जोडूनही, केवळ या क्रमांकाअभावी ती नाकारण्यात आली. याच वाचनालयाच्या अभ्यासिकेत दहावी-बारावीची मुले रात्री उशिरापर्यंत विनाशुल्क बसतात आणि जिच्या मोबाइलमध्ये डेटा शिल्लक असेल तिच्या हॉटस्पॉटवर चौघीजणी जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेतात.

पात्रता याहून विचारपूर्वक ठरविता येते. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून उभ्या राहिलेल्या ई-रेट या इंटरनेट सवलतीच्या योजनेत शाळांबरोबर ग्रंथालयेही पात्र आहेत, तर नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था आणि ५ कोटी डॉलरहून अधिक कायम निधी असलेल्या शाळा वगळल्या आहेत. सवलतही सरसकट नाही. किती मुले मोफत किंवा सवलतीच्या शालेय भोजनास पात्र आहेत आणि परिसर ग्रामीण आहे का, हे पाहून बहुतेक सेवांसाठी ती २० ते ९० टक्क्यांपर्यंत ठरते. आपल्याकडे अक्षर दासोह या शालेय माध्यान्ह भोजन योजनेची नोंद शाळेत रोज होते. सरकारी आणि अनुदानित शाळा ओळखण्यास तेवढी पुरेशी आहे. वाचनालयासाठी नोंदणी, विनाशुल्क प्रवेश आणि तपासलेले हिशेब एवढे पाहिले तरी भागेल.

सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन, पात्रतेच्या नियमाला दोनच. सरकारी आणि अनुदानित मराठी शाळांनी ही जोडणी अवश्य घ्यावी. वाचनालयांनी मात्र पात्रतेबाबत आधी लेखी उत्तर मागावे आणि ते हाती येईपर्यंत अनामत रक्कम भरू नये, कारण आमच्या वाचनालयाची अनामत परत मिळायला दिवाळी उजाडली.