खोक्यावरचे ‘८८० लिटर’ आणि तिसऱ्या दिवशीचं दुधाळ पाणी

माशांच्या दोन फुटी टँकचा सौदा बहुतेक असाच होतो. काच, दिवा, रंगीत खडे, ‘ताशी ८८० लिटर’ छापलेला पॉवर फिल्टर (पंप आणि स्पंज एकत्र असलेला, पाण्यात बुडवायचा) आणि आठ गोल्डफिश, सगळं एकाच दिवशी घरी. दुकानदार म्हणतो, "टँक साठ लिटरचा, फिल्टर पंधरापट. पाणी बदलायचीसुद्धा गरज नाही!" गिऱ्हाईक इथेच फसतं.

तो आकडा रिकाम्या पंपाचा असतो: आत स्पंज नाही, पाणी वर चढवायचं नाही. खोक्यावर ‘एच मॅक्स’ म्हणून जी उंची दिलेली असते, तिथे तर प्रवाह शून्य होतो. खरा आकडा काढायला लिटरची बाटली आणि घड्याळ पुरतं. स्पंज आत ठेवून फिल्टर पाण्याच्या बादलीत चालवा, तोंडाला नळी लावून बाटली भरा आणि ३६०० ला लागलेल्या सेकंदांनी भागा. १२ सेकंद लागले तर ताशी ३००. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर मावतात, खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ च्या आसपास. त्याला प्रत्यक्षात ताशी २०० ते ३०० लिटर पुरतात. म्हणजे मोठा आकडा मुळात लागतच नव्हता.

लागते ती जीवाणूंना बसायला जागा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. काडेपेटीएवढ्या स्पंजवर ते बसणार किती? शिवाय नव्या टँकमध्ये त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मासे पहिल्याच दिवशी सोडले की दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होतं, मासे श्वासासाठी वर येऊन तोंड मारतात.

मग दुसरी विक्री सुरू. निळं औषध (मिथिलीन ब्लू असेल तर उरलेसुरले जीवाणूही जातात), यूव्ही दिवा (हिरवं पाणी निवळेल, अमोनिया तसाच), दरमहा नवा स्पंज. जुना स्पंज फेकणं म्हणजे महिनाभराची वसाहत कचऱ्यात. तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा असतो, नळाखाली नाही. क्लोरीन जीवाणूंना मारतं.

एवढ्या टँकला एअर पंपावरचा मोठा स्पंज फिल्टर उत्तम, पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात उतरतं. पॉवर फिल्टरच हवा असेल तर सिरॅमिक रिंग (जीवाणूंना बसायला सच्छिद्र कड्या) मावतील असा डबा असलेला घ्या. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणं कुठल्याच फिल्टरने टळत नाही, कारण नायट्रेट साचतच राहतं. नवं पाणी अँटी-क्लोरीन घालूनच.

आणि आठ गोल्डफिश? दोन फुटांत त्यांना पुरेल असा फिल्टर कुठल्याच दुकानात मिळत नाही.