प्यूजो पीएक्स-१०: फ्रेम घ्या, पण आटे मोजून

साठ-सत्तरच्या दशकातली रेसिंग सायकल शोधायला निघालं की आधी इटालियन नावं पुढे येतात: कोलनागो, मासी, देरोसा. प्यूजोची पीएक्स-१० बरेच जण नंतर बघतात. कारण फ्रेमचं नाही, आट्यांचं आहे. या सायकलचा जवळपास प्रत्येक आटा फ्रेंच मापाचा, आणि ती मापं आता कोणी वापरत नाही. तेव्हा निकाल आधीच देऊन टाकू: हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग), बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात ती बेअरिंग) आणि सीट पोस्ट (सीटची दांडी) मूळचे आणि शाबूत असतील तर त्या काळातल्या उत्तम पोलादी रेसिंग सायकलींमध्ये हिला मानाची जागा आहे. नसतील, तर पहिले काही महिने रस्त्यापेक्षा भाग शोधण्यातच जातील.

प्यूजोला शर्यतीत उतरण्याची हौस जुनी. १९०५ ते १९०८ अशी सलग चार वर्षं टूर द फ्रान्स प्यूजोच्या सायकलवर जिंकली गेली: त्रूस्सलिए, पोतिए आणि मग दोनदा पती-ब्रेतों. १९१३ मध्ये तूरमाले घाटाच्या उतारावर ओझेन क्रिस्तोफचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, मोडला. तीही प्यूजोच. सायकल खांद्यावर टाकून तो सांत-मारी-द-कांपां गावापर्यंत चालत गेला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. भाता एका पोराने ओढला म्हणून वर दंडही झाला. त्या वर्षीची टूर जिंकली फिलिप तिसने, आणि तोही प्यूजोचाच गडी!

पीएक्स-१० ज्या काळात नावाजली तो काळ मात्र पांढऱ्या जर्सीवरच्या काळ्या चौकटींचा. टॉम सिम्पसन १९६५ मध्ये सान सेबास्तियानला जगज्जेता झाला तेव्हा प्यूजोच्या टीममध्ये होता. एडी मर्क्सने १९६६ ची मिलान-सान रेमो शर्यत विसाव्या वर्षी जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, दोन्ही वेळा प्यूजोकडून. रोजे पँजों १९६७ च्या टूरचा विजेता. बेर्नार तेव्हनेने १९७५ मध्ये प्रा-लूच्या चढावर मर्क्सला गाठून मागे टाकलं आणि ती टूर जिंकली, मग १९७७ चीही. म्हणून विकणारा 'ही मर्क्सची सायकल' म्हणाला तर हसून सोडून द्या. पीएक्स-१० हे दुकानात मिळणारं मॉडेल होतं. टीमच्या सायकली बऱ्याचदा वेगळ्या हातांनी बनत, आणि सत्तरच्या दशकात त्यासाठी प्यूजोने पीवाय-१० नावाचं वेगळं हातबनावटीचं मॉडेलच काढलं. हा प्रकार फक्त प्यूजोचा नव्हे. मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीला तासाभरात ४९.४३१ किमी कापले ती सायकल कोलनागोने बांधली होती.

आता फ्रेम. रेनॉल्ड्स ५३१ नळ्या, टोकांना जाड आणि मध्ये पातळ. जोडाला पितळ वितळवताना नळी तापते तिथे जाडी हवी, मध्ये नको, एवढा साधा हिशेब. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या सायकलींना नर्वेक्स प्रोफेशनल लग (नळ्यांच्या जोडावरचे पोलादी सांधे) असतात, त्यांची नागमोडी कड डोळ्यांत भरते. पांढरा रंग, लगभोवती काळी रेघ. नळ्या मेट्रिक: वरची २६ मिमी, खालची आणि सीटची २८. खालची आणि सीटची नळी इंग्रजी फ्रेमपेक्षा केसभर बारीक, त्यामुळे खराब रस्त्यावर धक्का मऊ लागतो. याच कारणाने मोठ्या मापाच्या फ्रेमवर वजनदार माणसाने उभं राहून जोर लावला की बॉटम ब्रॅकेट डोलतो आणि चेन पुढच्या डिरेलरला (गियर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला) घासते. तो दोष डिरेलरच्या सेटिंगचा समजून तासन्‌तास स्क्रू फिरवू नका.

पीएक्स-१० च्या नावाखाली प्यूजोचंच दुसरं मॉडेल, पीआर-१०, गळ्यात पडू शकतं. पीआर-१० मध्ये ५३१ फक्त तीन मुख्य नळ्यांना आहे, फोर्क आणि मागचे स्टे (मागचं चाक धरणाऱ्या नळ्या) साधे. रेनॉल्ड्सचा स्टिकर नीट वाचा, फक्त रंग बघून ठरवू नका.

खरी परीक्षा बॉटम ब्रॅकेटची. त्याचे दोन कप फ्रेममध्ये ज्या आट्यांवर बसतात ते ३५ × १ मिमी, आणि दोन्ही बाजूंना उजवे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने आवळणारे. इंग्रजी सायकलला उजवा कप उलट्या आट्याचा असतो, त्याला कारण आहे. पेडल मारताना छर्रे कपाच्या आत लोळतात आणि कपाला हळूहळू उलट दिशेने सरकवतात. उजव्या आट्याचा उजवा कप त्यामुळे स्वतःहून सुटतो. उपाय एकच: तो कप पान्ह्याने मारून मारून घट्ट बसवणे. हातभराचा पान्हा कपाच्या चपट्या कडेवरून निसटतो. त्यापेक्षा कपातून जाड बोल्ट घालून दोन्हीकडून वॉशर आणि नटने तो कपाशी आवळा, मग बोल्टचं डोकंच पान्ह्याने फिरवा. काढताना मात्र घड्याळाच्या उलट दिशेने. इंग्रजी सवयीने घड्याळाच्या दिशेने फिरवणारे कप आणखी आवळून बसतात. कप झिजलेले असतील आणि फ्रेंच मापाचे मिळत नसतील तर आट्यांची गरज नसलेली, आतून फुगून बसणारी कार्ट्रिज घाला. शेलला (बॉटम ब्रॅकेट ज्यात बसतो त्या आडव्या नळीला) इंग्रजी आटे पाडण्याच्या फंदात पडू नका.

क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, स्ट्राँगलाइटचे: आधी ४९डी मॉडेल, नंतर ९३. दोन्ही दिसायला सुरेख, टिकायला दणकट. फक्त ते काढायच्या हत्याराचा आटा जुन्या स्ट्राँगलाइटला २३.३५ मिमी, आणि आजचं नेहमीचं हत्यार २२ मिमीचं. ते ढिलं बसतं, जोर लावला की क्रँकचे आटे ओरबाडून बाहेर येतात, आणि मग क्रँक कापण्यावाचून गत्यंतर नाही. योग्य हत्यार हातात येईपर्यंत क्रँकला हात लावू नका. पेडलचा आटा १४ × १.२५ मिमी. आजचं पेडल त्याहून जेमतेम ०.३ मिमी जाड, म्हणून त्या मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून क्रँक सुधारता येतो. डाव्या क्रँकला डाव्या आट्याचा टॅप लागतो, हे ऐनवेळी विसरलं जातं. आणि टॅप न करता नवं पेडल रेटून बसवलं तर आटा गेलाच.

हेडसेट २५ × १ मिमी. इंग्रजी नट त्यावर चढतो, पकडल्यासारखा वाटतो आणि ब्रेक लावल्यावर सुटतो. इथे तडजोड नाही. स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा दांडा) २२.० मिमीचा. आजचा २२.२ चा स्टेम आत जात नाही. आत जाणारा भाग पॉलिश पेपरने सगळीकडून सारखा घासून २२.० वर आणा, ग्रीस लावा, हातोडा वापरू नका. मूळचा स्टेम बहुधा आव्हा कंपनीचा असतो, आणि या सायकलवरची सगळ्यात धोकादायक वस्तू तीच. खालच्या टोकाला उभी खाच कापलेली असते आणि खाच संपते तिथून भेग वर चढते. बोल्ट दोन-तीन फेरे ढिला करा, वरून लाकडी हातोड्याचा टोला द्या, स्टेम बाहेर काढा आणि खाचेचं टोक पुसून उजेडात बघा. केसासारखी रेघ दिसली तरी फेकून द्या. मूळ भाग जपायचा मोह इथे नको.

सीट पोस्ट सहसा २६.४ मिमी. बारीक पोस्ट घालून सीटचा बोल्ट आवळलेला दिसला तर लगचे कान वाकलेले असणार.

गियर सिम्प्लेक्सचे, डेल्रिन प्लास्टिकचे. यावरून लोक नाक मुरडतात, पण गियर बदलायला हा डिरेलर वाईट नाही: वरच्या सांध्यालाही स्प्रिंग आहे, त्यामुळे जॉकी चाक (डिरेलरमधलं चेन सांभाळणारं छोटं चाक) दात्यांच्या जवळ राहतं. भानगड म्हातारपणाची. पुढच्या डिरेलरची पट्टी तडकते, मागच्याचा सांधा खुळखुळतो. मागचा डिरेलर बदलायचा तर फ्रेमच्या ज्या कानाला तो बसतो त्याला आटाच नाही, १० × १ मिमीचा टॅप फिरवून, कानसीने खालच्या बाजूला टेकू कापावा लागतो. फ्रेमला कायमचा बदल नको असेल तर सिम्प्लेक्सचाच धातूचा नंतरचा डिरेलर शोधा. सिम्प्लेक्सचे रेट्रोफ्रिक्शन लिव्हर (गियर बदलायच्या दांड्या) मिळाले तर कुठल्याही डिरेलरला लावा. तसे हलके, अचूक लिव्हर इटलीनेही बनवले नाहीत.

माफाक रेसर ब्रेक कर्कश ओरडतात हे खरं. रबराची पुढची कड रिमला मागच्या कडेपेक्षा मिलिमीटरभर आधी टेकेल असं वळवा, आवाज बहुतेक बंद होतो. जोर भरपूर आहे. मागे पाच गियरांसाठी १२० मिमी जागा. फ्रीव्हीलचा (मागच्या चाकावरच्या गियरांच्या गठ्ठ्याचा) आटाही फ्रेंच, ३४.७ मिमी. इंग्रजी फ्रीव्हील त्या हबवर जेमतेम धरतं आणि पहिल्याच चढावर हबचे आटे सोलून काढतं. मूळचं फ्रीव्हील गेलं असेल तर चाकंच बदला. तेवढ्यात रिमला गोंदाने चिकटवायच्या ट्यूब्युलर टायरच्या कटकटीतूनही सुटका होते, कारण ७०० सी ची क्लिंचर रिम (नेहमीच्या ट्यूब-टायरची) त्याच ब्रेकमध्ये बसते.